बेळगावात राहायला येतोय : टिळकवाडी भागात लेकीसाठी शाळा कशी निवडू?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. नवऱ्याला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरी लागली आहे. मेमध्ये पुण्याहून बिऱ्हाड हलवतोय. घर टिळकवाडीत बघून ठेवलंय, दुसऱ्या रेल्वे गेटापासून चालत सात-आठ मिनिटं. लेक जुलैत सहा वर्षांची होईल. सध्या सिनिअर केजीत आहे, इंग्रजी माध्यम. घरी मराठी. कन्नड आम्हा तिघांपैकी कुणालाच येत नाही.

जूनमध्ये तिला पहिलीत घालायचंय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. मराठी माध्यम की इंग्रजी? स्टेट की सीबीएसई? पहिलीतच कन्नड आलं तर तिला झेपेल का? जवळची साधी शाळा घ्यावी की लांबची नाव असलेली? शिवाय इथे किती वर्षं राहू तेही नक्की नाही. तीन वर्षांनी परत पुणं होऊ शकतं.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस येतोय. शाळांची यादी नेटवर मिळाली. शाळेत गेल्यावर नेमकं बघायचं काय, ते सांगाल का?

कुंदावाला

आधी कुंदा कुठला खायचा ते ठरवा ओ ताई, शाळा आपोआप सापडते.
(मला तीन शाळांनी कंटाळून पुढे ढकललेलं आहे. तेव्हा माझं शाळेचं ऐकू नका, कुंद्याचं ऐका.)

गेटपलीकडची

मृद्गंध, दुसऱ्या गेटापासून आठ मिनिटं, खरं कुठल्या बाजूला? काँग्रेस रोडच्या बाजूला की आतल्या? हा प्रश्न माध्यमापेक्षा मोठा आहे. हसू नका, सांगते.

रेल्वे लाईन काँग्रेस रोडला समांतर जाते आणि पहिलं, दुसरं, तिसरं अशी गेटं आहेत. तिसऱ्यावर पूल झाला. दुसरं गेट मात्र पडलं की पडलं. शाळेच्या वेळेला गेट पडलं की दोन्ही बाजूंना स्कूटर, वर्दीच्या (शाळेची पोरं नेणाऱ्या) रिक्षा, दुधाची गाडी, भाजीची गाडी, आणि सगळ्यात पुढे एक जण असतोच जो गाडी आडवी घालून उभा असतो. गेट उघडलं की समोरचे तिकडे जायचे नाहीत आणि इकडचे इकडे यायचे नाहीत. ही दहा मिनिटं तुमच्या आयुष्यात रोज दोनदा येणार.

आमच्या मोठ्याला आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका नामवंत शाळेत घातलं होतं. वर्दीच्या रिक्षात सकाळी पहिला चढायचा आणि दुपारी शेवटचा उतरायचा. अंतर असेल चारेक किलोमीटर, पोर रिक्षात असायचं तास-तास. पहिलीतलं पोर घरी येऊन दप्तरासकट सोफ्यावर झोपायचं, बूट आम्ही काढायचो. दीड वर्ष काढलं. मग काढून शेजारच्या शाळेत घातला. तिथे गॅदरिंगला ना लेझर शो ना धूर. खरं शाळा सुटली की पाच मिनिटांत घरी आणि सहाला पटांगणात.

धाकटीच्या वेळी मी शाळा बघायला जुलैत गेले, मुद्दाम पाऊस असताना. बेळगावचा पाऊस तुम्हाला कुणी सांगितला नसेल तर सांगते : जून ते ऑगस्ट कपडे वाळत नाहीत. एका शाळेत वर्गाच्या मागच्या भिंतीला दोरी बांधली होती आणि तिच्यावर चिमट्यांनी लावलेले तीसेक छोटे मोजे. बाईंनी सांगितलं, आल्या आल्या ओले मोजे काढून लावायचे, सुटताना घालायचे. मी फी न विचारता फॉर्म घेतला.

उद्यमबागी

फाउंड्रीवाल्या दादांना सांगा, चौथ्या गेटाची पण सवय करून घ्या. :)

मृद्गंध

@गेटपलीकडची, घर आतल्या बाजूला आहे, काँग्रेस रोडवर नाही. मोज्यांची दोरी लिहून ठेवली!
@कुंदावाला, कुंदा दोन्ही दिवस खाणार, काळजी नसावी.

लसावि

मी बेळगावात पहिली ते दहावी मराठी माध्यमात शिकलो, आता बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयडीवरून ओळखलंच असेल.

पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्स घेतलं. पहिल्याच आठवड्यात सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, डिनॉमिनेटरचा एल.सी.एम. घ्या. सगळ्यांनी घेतला. मी शेजारच्याला हळूच विचारलं, एल.सी.एम. कोण? तो म्हणाला, "लसावि रे येड्या." तेव्हापासून मित्र मला लसावि म्हणतात. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत त्रास झाला, मग नाही झाला. गणित तेच होतं, फक्त त्यानं कपडे बदलले होते.

फायदा काय झाला तो सांगतो. गोष्ट वाचताना मला कधी अडखळायला झालं नाही. चौथीत मी शाळेच्या पेटीतली सगळी पुस्तकं वाचून संपवली होती. तोटा म्हणजे, इंग्रजी बोलायला मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत घाबरायचो. वाचता-लिहिता यायचं, तोंड उघडायचं नाही. दोन्ही खरं आहे. माझ्या मुलाला मी कुठे घातलं? इंग्रजी माध्यमात. बंगळुरात दुसरं काय करणार. त्याला "पावणेदोन" कळत नाही, मला रोज वाईट वाटतं.

भाकरी_रोट्टी

आमच्या घरात कन्नड, गल्लीत मराठी. शहापुरात वाढले. मराठी मला कुणी शिकवलं नाही, लगोरी खेळताना आलं. त्यामुळे "कन्नड झेपेल का" या प्रश्नाचं उत्तर : तुम्हाला नाही झेपणार, तिला झेपेल. तुम्ही भाजीवालीला "एष्टु" विचारून दमाल तोवर ती तिच्याशी भांडत असेल.

फक्त पहिल्या महिन्याची तयारी ठेवा. आमच्या शेजारी सांगलीहून आलेलं कुटुंब होतं. मुलगा शाळेतून रडत आला, "बाई मला मर म्हणाल्या." आई तशीच पदर खोचून शाळेत. बाई बिचाऱ्या घाबरल्या. खिडकीबाहेरचं झाड दाखवून त्या "मर, मर" म्हणत होत्या. कन्नडमध्ये मर म्हणजे झाड! नंतर ती आई आणि त्या बाई चांगल्या मैत्रिणी झाल्या. अजून एकमेकींना फोनवर "मर" म्हणतात.

लिपीचं एक सांगते. कन्नडमध्ये ए दोन आणि ओ दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठी पोरं तिथे चुकतात, कारण मराठी कानाला तो फरक ऐकूच येत नाही. तिथे तिला रागवू नका, गाणी ऐकवा.

कुंदावाला

मर म्हणजे झाड, आणि आमचे हेडमास्तर मला रोज झाड म्हणायचे तर. आज चाळीस वर्षांनी गैरसमज दूर झाला. धन्यवाद अक्का.

सीमावासी

हसण्यावारी नेऊ नका. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, डांबला गेला आणि त्यानंतर इथे मराठी टिकली ती मराठी शाळांमुळे. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा घातला, ८६५ गावांचा प्रश्न अजून लोंबकळतोय. कोर्ट काय करेल ते करेल. खरं शाळेत पोर नसेल तर वर्ग बंद, वर्ग बंद तर शिक्षक नाही, शिक्षक नाही तर पुढच्या वर्षी पोर येत नाही. एकदा मराठी वर्ग गेला की परत येत नाही, हे मी गल्लीगल्लीतून बघितलंय. पुण्याहून येणाऱ्या मराठी कुटुंबानं "मराठी की इंग्रजी" विचारावं याचं वाईट वाटलं. मराठी शाळेतच घाला. एवढंच.

पावसाळी_खानापूर

काका, मुद्दा बरोबर. खरं एक विचारू? तुमची नातवंडं कुठल्या शाळेत?

उद्यमबागी

गेट पडलं.

भाकरी_रोट्टी

सीमावासी काका, "डांबला गेला" म्हटलंत म्हणून एवढंच लिहिते, की आमचं घर इथेच होतं, आम्ही कुठून येऊन बसलो नाही. बाकी मराठी शाळा बंद पडू नयेत या मताची मी पण आहे. कन्नड शाळापण ओस पडूलायत. दोघांची पोरं एकाच इंग्लिश मिडियमच्या व्हॅनमध्ये बसूलायत.

संचालक

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत, आणि प्रत्येकाची पाचशे प्रतिसादांनंतरची अवस्था आपण पाहिली आहे. इथे शाळेबद्दल लिहा.

पावसाळी_खानापूर

बरोबर, मुद्द्यावर येतो. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो, जंगलाकडचं गाव. माझ्याकडे चार इयत्ता आणि मी एकटा. पहिलीला अक्षरं गिरवायला देतो, तिसरीला पाढे म्हणायला लावतो, तोवर दूध उकळायला आलेलं असतं. लोक म्हणतात सरकारी शाळा वाईट. वाईट नाही, माणूस कमी आहे. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय. त्या हिशेबानं मी आरामात बसलेला माणूस आहे, कारण पोरं तिसापेक्षा कमी. इयत्ता चार आहेत हे त्या हिशेबात येत नाही.

म्हणून ताई, मराठी शाळा बघायला गेलात तर "पट किती" विचारू नका. "पहिलीला स्वतंत्र बाई आहेत का, आणि त्या कायम आहेत की अतिथी शिक्षक" हे विचारा. अतिथी शिक्षक वाईट शिकवतात असं नाही, काही तर आमच्यापेक्षा चांगले. खरं पुढच्या जूनला ते असतील की नाही ते त्यांनाच ठाऊक नसतं. सहा वर्षांच्या पोराला दरवर्षी नवी बाई म्हणजे फार.

गेटपलीकडची

दूध उकळायला आलं वरून आठवलं, दूध-अंडी मिळतात म्हणून सरकारी शाळेला नाकं मुरडणारे पालक मला कधी कळले नाहीत. आमच्या कामवाल्या मावशींची नात अंडं की केळं हे रोज स्वतः ठरवते. आमची डब्यातली पोळी लपवून परत आणते.

निवृत्त_मास्तर

मृद्गंधताई, सगळे भाषेवर बोलत आहेत, पण तुमच्या पहिल्या परिच्छेदातली एक ओळ कुणी वाचली नाही. लेक *जुलैत* सहा वर्षांची होणार.

महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झालेली चालतात. कर्नाटकात तारीख १ जून आहे. २०२२ साली हा आदेश निघाला, २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता. पालकांची ओरड झाली म्हणून त्या एका वर्षापुरती, यूकेजी (म्हणजे सिनिअर केजी) केलेल्या मुलांना पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली होती. म्हणजे पुण्यात जी मुलगी निर्धास्त पहिलीत बसली असती, तिला इथे महिना-दीड महिन्यासाठी "यूकेजीत बसा" सांगू शकतात. शाळेच्या ऑफिसातला क्लार्क काय सांगतो त्यावर जाऊ नका. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात जाऊन यंदाचं परिपत्रक बघा आणि मगच शाळांची यादी काढा.

आता भाषेचं, कारण इथे अर्धवट माहिती फिरते.

कन्नड टाळता येईल अशी शाळा शोधू नका, नाही मिळणार. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सगळ्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा झाली. सीबीएसई, आयसीएसई यांनाही तो लागू. माध्यम मात्र पालकांच्या मर्जीचं. पूर्वी सरकारनं प्राथमिकला मातृभाषाच माध्यम असा आग्रह धरला होता, त्यावर वीस वर्षं खटले चालले आणि मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सरकारला तशी सक्ती करता येणार नाही असं ठरवलं. मी त्या वेळी नोकरीत होतो. निकालानंतरच्या जूनमध्ये आमच्या पहिलीत बाकं रिकामी दिसली. निकालामुळे म्हणा, नाहीतर एरवीही झालीच असती.

इंग्रजी माध्यम घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा : मराठी शिकवता का, कितवीपासून कितवीपर्यंत, आणि शिकवणारी व्यक्ती कोण? "आहे, आहे" हे उत्तर नव्हे. तिसरीची मराठीची वही बघायला मागा.

मृद्गंध

बापरे. हे माहीतच नव्हतं. तिच्या केजीत सगळ्यांना "पहिलीत जाणार" म्हणून टोप्या घालून निरोप समारंभसुद्धा झाला! आता तिला परत केजीत बसवायचं म्हणजे... तिनं माझ्याकडे कसं बघावं? नवरा म्हणतोय, एक वर्ष वाया जाईल.

निपाणीकर

निपाणीला या. पोर कागलला शाळेत घाला, सकाळी हद्द ओलांडली की ती पहिलीत, संध्याकाळी परतली की यूकेजीत. :D

अनगोळची_आज्जी

मृद्गंध बाळ, वाया काय जातंय गं? पाच वर्षांच्या पोरीचं वर्ष वाया जातं म्हणजे काय होतं, एकदा नवऱ्याला विचार. माझ्या धाकट्याला लवकर घातला होता शाळेत. वर्गात सगळ्यात लहान. दहावीपर्यंत रांगेत पहिला उभा आणि कबड्डीत शेवटचा घेतलेला. हुशार होता, खरं नेहमी धाप लागल्यासारखा. मोठीला उशिरा घातली, कारण त्या वर्षी तिला कांजिण्या आल्या. ती रमतगमत गेली.

माझं ऐक. नवं गाव, नवं घर, नवी भाषा, त्यात बेळगावचा पाऊस. एवढं सगळं एका जूनमध्ये. एक वर्ष मिळतंय तर घे. गल्लीतली पोरं तिला कन्नड शिकवतील, फुकट.

लसावि

आज्जींना +१. आणि टोप्यांचा समारंभ दुसऱ्यांदा झाला तर तिला आवडेलच.

कॅलेंडर_काका

तीन वर्षांनी पुण्याला परत गेलात तर काय, यावर कुणी बोललं नाही. आम्ही उलट दिशेनं केलंय, बेळगावहून पुणे. काही मुद्दे सुचतील तसे :

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे इथे मराठी नसलेल्या शाळेत तीन वर्षं घालवून परत गेलात तर मुलगी पुण्यात मराठीत मागे पडलेली, हा विनोद आमच्याकडे झालाय. आडनावासकट अस्सल मराठी पोरगा, आणि मराठीच्या शिकवणीला जात होता.

दाखल्याची चिंता नको. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात स्पष्ट आहे की टी.सी. यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तरी अडवतात. शांतपणे कलम ५ म्हणायचं. आवाज न चढवता म्हटलं की जास्त चालतं.

पुढचं फार लांबचं आहे, तरी सांगतो. कर्नाटकच्या सीईटीला स्थानिक म्हणून बसायचं तर पहिली ते पीयूसी दुसऱ्या वर्षापर्यंत किमान सात वर्षं इथल्या शाळांत काढलेली लागतात. हिशेब ठेवा.

कुंदावाला

पोरगी अजून पाच वर्षांची हाय ओ काका! तिचे दुधाचे दात पडूदेत की.

कॅलेंडर_काका

दात पडतील तेव्हा दसऱ्याची सुट्टी असेल आणि पुण्याच्या आजीकडे दाखवायला न्याल तर तिथली भावंडं शाळेत असतील. कारण इथे ऑक्टोबरात दसऱ्याची मोठी सुट्टी, तिकडे दिवाळीची. आमच्याकडे तीन वर्षं आत्तेभावंडं भेटली ती लग्नातच. उन्हाळ्यातही इथली शाळा मेअखेर सुरू होते, तिकडे जूनच्या मध्यावर. आंबा उतरतो तेव्हा तुमची लेक वह्यांना कव्हरं घालत असेल. ही गोष्ट कुठल्याही शाळेच्या माहितीपत्रकात नसते.

गेटपलीकडची

आणि पावसाची सुट्टी! जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी आली की नाही हे बघायला सकाळी सहाला आख्खं गाव मोबाईल उघडून बसतं. गेल्या वर्षीचीच नोटीस फिरवणारा एक जण प्रत्येक ग्रुपवर असतो.

पावसाळी_खानापूर

ती भरून काढायला मग शनिवार दिवसभर. शनिवारी सकाळची शाळा असते हे पण सांगून ठेवतो, पुणेकरांना माहीत नसतं.

ठळक_पण_टिळक

विषयांतर : टिळकवाडी नव्हे, मूळ ठळकवाडी. हायस्कूलच्या नावात अजून ठळकवाडीच आहे. आणि मृद्गंध, तुमच्या घराजवळच १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा आहे, गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन. तेव्हा खणलेली विहीर अजून आहे. शाळा कुठलीही असू दे, लेकीला तिथे न्या.

सीमावासी

चार दिवस लिहिलं नाही. खानापूरच्या सरांनी विचारलं त्याचं उत्तर देतो, टाळलं असं वाटायला नको.

माझा नातू इंग्रजी माध्यमात, सीबीएसईत आहे. सूनबाई आणि मुलानं ठरवलं. मी तेव्हा गप्प बसलो, कारण घरात भांडण नको होतं, आणि खरं सांगायचं तर मनात मलाही वाटलं होतं, की नको, त्याला आपल्यासारखं अडायला नको. मोर्चात मी पुढे असतो आणि नातवाच्या वहीवर मराठी नाव मी लिहितो, त्याला लिहिता येत नाही. आता दर रविवारी त्याला माझ्याजवळ बसवतो, वर्तमानपत्रातले मथळे वाचून घेतो. परवा "पाणीटंचाई" हा शब्द त्यानं न अडखळता वाचला.

भाकरी_रोट्टी ताई, तुमच्याबद्दल नव्हतं. शब्द चुकला.

भाकरी_रोट्टी

काका, राहू दे. नातवाला एकदा घेऊन या, आमच्याकडे धारवाडी पेढा आणि मराठी गोष्टींची पुस्तकं दोन्ही आहेत.

कुंदावाला

बेळगावात धारवाडी पेढा?? संचालक, हा धागा बंद करा.

रिकामी_पाटी

आरटीईतून खाजगी शाळेत सीट मिळेल का हो? आमचाही शोध चालू आहे, भाग वडगाव.

निवृत्त_मास्तर

रिकामी_पाटी, २०१९ पासून कर्नाटकात नियम असा, की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या भागातल्या खाजगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या जागा द्याव्या लागत नाहीत. शहरात जवळ एखादी शाळा असतेच. तेव्हा त्या भरवशावर राहू नका. प्रवेशावेळी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेतात, तीही कायद्यात बसत नाही, पण "फक्त गप्पा मारायच्या आहेत" म्हणतात.

मृद्गंध

आलो, बघितलं, परत गेलो. सविस्तर लिहिते, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

आधी मास्तरांचं ऐकून बीईओ ऑफिस. तिथल्या बाईंनी जन्मदाखला बघितला, बोटांवर मोजलं आणि "यूकेजी" म्हणाल्या. एवढंच. नवरा तोंड उघडणार तेवढ्यात त्याच्या पायावर पाय दिला.

मग शाळा. पाच ठरवल्या होत्या, तीन झाल्या. नावं इथे लिहीत नाही.

पहिली मोठी, चकाचक. स्वागतकक्षात मत्स्यालय. फीची पत्रिका आधी हातात, वर्ग बघायचा म्हटल्यावर "व्हिडिओ आहे, बघा". मराठीचं विचारलं तर "ऑप्शनल आहे". तिसरीची वही मागितली. बराच वेळ गेला आणि एक कोरी, नवी, कव्हर घातलेली वही आली. मास्तर, तुमची आठवण झाली.

दुसरी मराठी माध्यमाची, घरापासून बाराएक मिनिटं. जुनी इमारत, मोठं पटांगण, मधोमध पिंपळाचा पार. पहिलीच्या बाई कायम आहेत, तिथेच बरीच वर्षं. त्यांनी लेकीला विचारलं, "काय गं, भूक लागली का?" तिनं हो म्हटलं, त्यांनी डब्यातला लाडू दिला. नवरा बाहेर येऊन म्हणाला, हीच. मी म्हटलं, लाडवावर नको जाऊ. खरं (बघा, "पण"च्या जागी मीही "खरं" म्हणायला लागले) मलाही आवडली. पण तिथे शिशुवर्ग भरला होता.

तिसरी घराच्या मागच्या रस्त्यावर. इंग्रजी माध्यम, छोटी. बाहेरून शाळा वाटत नाही, बंगला वाटतो. गेटपलीकडची, तिथे मोज्यांची दोरी नव्हती! विचारलं, तर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या की पावसात मुलं चपला घालून येतात, मोजे घालायचेच नाहीत असा नियम आहे. हे अजूनच बरं वाटलं. आम्ही सुटायच्या वेळी गेटाबाहेर थांबलो. पोरं एकमेकांशी मराठीत भांडत होती, रिक्षावाल्या मामांशी कन्नडमध्ये आणि मॅडमना टाटा इंग्रजीत. एक मुलगी एका वाक्यात तिन्ही वापरत होती.

तर यंदा यूकेजी तिथे. चालत चार मिनिटं, गेट ओलांडायचं नाही. पहिलीला मराठी शाळेच्या बाईंकडे जायचं की तिथेच राहायचं, ते पुढच्या वर्षी. घरात अजून दोन मतं आहेत.

लेकीला परत केजी हे कसं सांगितलं विचाराल तर, सांगितलंच नाही अजून. कॅम्पातल्या एका दुकानात कुंदा खाताना तिनं स्वतःच विचारलं, "इथे पण टोपी देतात का?"

अनगोळची_आज्जी

बरं केलंस. आलीस की ये, पोरीला घेऊन. आंबोळ्या करते.

निवृत्त_मास्तर

बीईओ ऑफिसातून काही लेखी घेतलंत का? नसेल तर पुढच्या खेपेला घ्या.

मृद्गंध

नाही घेतलं. :( मेमध्ये पहिलं काम तेच.

उद्यमबागी

दादांना सांगा सकाळी साडेसातच्या आत चौथं गेट पार करायचं. नंतर देवाची इच्छा.

रिकामी_पाटी

वडगाव भागात शिशुवर्गासाठी कुठली चांगली? चालत जाण्यासारखी, मोजे नकोत.

गेटपलीकडची

रिकामी_पाटी, वेगळा धागा काढा, इथे आता सगळे कुंद्यावर घसरणार.

कुंदावाला

कॅम्पात खाल्ला? कॅम्पात?? ताई, तुमचं पहिलं वर्ष खरंच वाया गेलं.